टेकडीवरचा पाच टोकांचा तारा : झेलेना होरा येथील चर्च समजून घेताना

झेलेना होरा येथील चर्चमध्ये घुमटाच्या बरोबर खाली उभे राहून मान वर केली, की पांढऱ्या छताच्या मध्यभागी एक लाल जीभ दिसते. चुन्याच्या गिलाव्यात उठावाने घडवलेली ही माणसाची जीभ असून तिच्याभोवती किरणांसारख्या ज्वाळा पसरलेल्या आहेत. युरोपातील चर्चच्या घुमटात मानाच्या या जागी एरवी स्वर्गाचा देखावा, देवदूतांचे थवे किंवा पवित्र आत्म्याचे कबूतर असते. येथे जीभ का, हा प्रश्न प्रथमच आत पाऊल टाकणाऱ्या कोणालाही पडतो. त्याचे उत्तर शोधत गेले, की या इमारतीचा आकार, तिच्यातील आकड्यांचा खेळ आणि तिचा जन्मच ज्यातून झाला तो इतिहास क्रमाने उलगडत जातो. म्हणून हा लेख त्या जिभेपासून सुरू केला आहे.

चेक प्रजासत्ताकात बोहेमिया आणि मोराव्हिया या दोन जुन्या प्रांतांच्या सीमेवर एक डोंगराळ, थंड हवेचा पट्टा आहे. तेथे झ्द्यार नाद साझावोऊ नावाचे गाव आहे. गावाबाहेर सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांचा जुना मठ असून मठासमोरच्या टेकडीवर नेपोमुकचा संत यान याला अर्पण केलेले हे चर्च उभे आहे. ‘झेलेना होरा’ या चेक शब्दांचा अर्थ ‘हिरवी टेकडी’ असा होतो. चर्च फार मोठे नाही. प्रागच्या किंवा रोमच्या मोठ्या चर्चशी त्याची तुलना केली, तर ते लहानच वाटेल. तरीही १९९४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो त्याच्या आकारमानासाठी नव्हे, तर त्याच्या रचनेतील विलक्षण विचारासाठी.

या विचाराच्या मुळाशी एका माणसाचा खून आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस प्रागच्या आर्चबिशपांचा प्रमुख धार्मिक कारभारी म्हणून यान नावाचा एक विद्वान धर्मगुरू काम पाहत होता. तो पश्चिम बोहेमियातील पोमुक या गावचा होता आणि पुढे त्या गावाला नेपोमुक म्हणू लागले. त्या काळी राजा वाच्लाव चौथा आणि आर्चबिशप यान येन्श्तेयन यांच्यात हाडवैर होते. पश्चिमेकडील क्लाद्रुबीच्या श्रीमंत मठाचा प्रमुख मरण पावला, की त्या मठाची मालमत्ता घेऊन नवे बिशपपीठ स्थापन करायचे आणि आर्चबिशपांची सत्ता कापायची, असा राजाचा बेत होता. १३९३ साली ते मठाधिपती वारले, तेव्हा मठवासीयांनी तातडीने नवा मठाधिपती निवडला आणि यानने आर्चबिशपांच्या वतीने त्या निवडीवर शिक्कामोर्तब केले. राजाचा बेत जागच्या जागी मोडला. संतापलेल्या राजाने आर्चबिशपांच्या माणसांना पकडून त्यांचा छळ केला आणि त्यात यान मरणाच्या दारात पोहोचला. २० मार्च १३९३ च्या रात्री त्याला प्रागच्या पुलावरून व्ल्तावा नदीत फेकण्यात आले. आर्चबिशप रोमला गेले, त्यांनी पोपपुढे तक्रार मांडली आणि ते तक्रारपत्र उपलब्ध असल्यामुळे ही हकिकत आपल्याला समकालीन साक्षीने कळते.

लोकांच्या तोंडी मात्र वेगळीच कथा रुजली. पंधराव्या शतकात असे सांगितले जाऊ लागले, की यान हा राणीचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू होता. राणीने आपल्यापुढे काय कबूल केले ते सांग, असा राजाने हट्ट धरला, यानने तोंड उघडले नाही आणि म्हणून त्याला जीव गमवावा लागला. कॅथलिक पंथात पापनिवेदनाचे गुपित धर्मगुरूने प्राण गेला तरी फोडायचे नसते, त्यामुळे ही कथा भाविकांच्या मनात घर करून बसली. १५४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चेक बखरीने आणखी गोंधळ घातला. एकाच माणसाचे तिने दोन यान केले आणि राणीच्या गुपितासाठी मारल्या गेलेल्या यानचा मृत्यू दहा वर्षे आधी, १३८३ साली, दाखवला. इतिहासाच्या दृष्टीने मठाधिपतीच्या निवडीचा वाद हेच खुनाचे कारण मानावे लागते. पण चर्च समजून घ्यायचे असेल, तर दंतकथाच हाती धरावी लागते, कारण स्थापत्यकाराने दगडविटांत मांडली ती हीच कथा.

त्या कथेतील दोन गोष्टी पुढे वारंवार येणार आहेत. पहिली गोष्ट म्हणजे मौन राखणारी जीभ. दुसरी म्हणजे पाच तारे : यानचा देह नदीत पडला तेव्हा पाण्यावर पाच तारे चमकले, असे दंतकथा सांगते, आणि म्हणून त्याच्या प्रत्येक मूर्तीच्या मस्तकाभोवती पाच तारे असतात. प्रागच्या चार्ल्स पुलावर १६८३ साली बसवलेली त्याची काशाची मूर्ती प्रसिद्ध आहे आणि मध्य युरोपातील असंख्य पुलांवर त्याच्या मूर्ती उभ्या राहिल्या. ‘मी मौन राखले’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘टाकुई’ रोमन लिपीत लिहिताना नेमकी पाच अक्षरे लागतात, ही गोष्टही त्या काळच्या भाविकांना मोठी अर्थपूर्ण वाटत असे. ख्रिस्ताच्या देहावरील जखमाही पाचच. अशा रीतीने पाच हा आकडा या संताचा आकडा ठरला.

खुनानंतर तीनशे वर्षांनी एवढे भव्य स्मरण का व्हावे, हे समजण्यासाठी मधल्या काळाकडे धावती नजर टाकावी लागते. पंधराव्या शतकात बोहेमियात यान हुस या सुधारकाच्या अनुयायांनी मोठे बंड केले आणि अनेक कॅथलिक मठ उद्ध्वस्त झाले. पुढे १६२० साली प्रागजवळच्या लढाईत प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव झाला आणि ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या छत्राखाली देश पुन्हा कॅथलिक करण्याची मोहीम सुरू झाली. या मोहिमेला एक देशी संत हवा होता, चेक मातीतला आणि लोकांच्या आवडीचा. १४१५ साली जाळल्या गेलेल्या हुसची आठवण लोकांच्या मनात होती, तिच्यासमोर उभा करता येईल असा यान नेपोमुक मिळाला. हे राजकारण होते यात शंका नाही, पण केवळ राजकारण म्हणून ते निकालात काढणे मला योग्य वाटत नाही. पुलावरच्या मूर्तीपुढे दिवा लावणाऱ्या, पुराच्या आणि बदनामीच्या संकटात त्याचा धावा करणाऱ्या सामान्य माणसाची श्रद्धा वरून लादलेली नव्हती.

त्याला अधिकृतपणे संत घोषित करण्यासाठी चौकशी सुरू झाली आणि १५ एप्रिल १७१९ रोजी प्रागच्या सेंट व्हायटस कॅथीड्रलमधील त्याची कबर उघडण्यात आली. हाडांबरोबर कवटीत लालसर ऊतींचा एक तुकडा सापडला. उपस्थित वैद्यांनी तो न कुजलेली जीभ असल्याचा निर्वाळा दिला आणि बातमी वाऱ्यासारखी पसरली. गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाच्या दर्शनाला दर दहा वर्षांनी लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘न कुजलेला अवशेष’ या कल्पनेची भाविकांच्या मनावरील पकड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गुपित राखणारी जीभच तेवढी मातीत मिसळली नाही, याहून मोठा पुरावा कोणता, असे तेव्हा लोकांना वाटले. विसाव्या शतकात मानवशास्त्रज्ञ एमानुएल व्ल्चेक यांनी त्या अवशेषाची शास्त्रीय तपासणी केली, तेव्हा १९७३ साली निष्कर्ष निघाला की तो तुकडा जिभेचा नसून मेंदूच्या ऊतींचा आहे. १७१९ साली मात्र सर्वांच्या दृष्टीने ती जीभच होती.

ही बातमी झ्द्यारच्या मठात पोहोचली तेव्हा वाच्लाव वेय्म्लुवा तेथील मठाधिपती होते. १७०५ ते १७३८ अशी तेहतीस वर्षे त्यांनी मठाचा कारभार पाहिला आणि त्या काळात मठाचा चेहरामोहरा पालटून टाकला. यान नेपोमुकविषयी त्यांना वाटणारी ओढ वैयक्तिक भक्तीची होतीच, शिवाय तिला मठाच्या वंशावळीचाही आधार होता. झ्द्यारचा मठ १२५२ साली स्थापन झाला, तेव्हा तेथे राहायला आलेले पहिले संन्यासी पोमुकच्या सिस्टर्शियन मठातून आलेले होते. म्हणजे संताचे जन्मगाव हे या मठाचे एका अर्थाने माहेर होते. ते माहेर १४२० साली हुसपंथीयांच्या हल्ल्यात नष्ट झाले. नेपोमुक गावाजवळच्या टेकडीचे नाव झेलेना होरा असे आहे आणि वेय्म्लुवा यांनी आपल्या मठासमोरील टेकडीला तेच नाव दिले. उजाड झालेल्या माहेराचे नाव लेकीच्या अंगणात पुन्हा रुजवावे, तसे हे झाले.

वेय्म्लुवा यांची घाई लक्षात घेण्यासारखी आहे. कबर १७१९ साली उघडली आणि त्याच वर्षी चर्चची उभारणी हाती घेतली गेली. यानला ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित करण्याचा पोपचा निर्णय १७२१ साली झाला, चर्चचे पवित्रीकरण १७२२ च्या सप्टेंबरात झाले आणि यान रीतसर संत ठरला तो त्यानंतर, १९ मार्च १७२९ रोजी. संतपद मिळण्याआधीच संताचे चर्च तयार होते.

हे काम ज्याच्याकडे सोपवले तो स्थापत्यकार यान ब्लाझेय सान्तिनी-आइखेल. त्याचा जन्म १६७७ साली प्रागमध्ये झाला. त्याचे आजोबा इटलीकडून प्रागला आलेले गवंडी होते आणि वडील पाथरवट. घरचा धंदा थोरल्या मुलाकडे जायचा, पण सान्तिनीला जन्मतः शारीरिक अपंगत्व होते, त्यामुळे परांचीवर चढून करायचे कष्टाचे काम त्याला झेपणारे नव्हते. धंदा धाकट्या भावाकडे गेला आणि सान्तिनी चित्रकलेकडे वळला. पुढे तो इटलीला गेला आणि रोममध्ये त्याने फ्रान्चेस्को बोरोमिनी या थोर स्थापत्यकाराच्या इमारती पाहिल्या. परतल्यावर त्याने स्वतः दगड न घडवता इमारतींचे आराखडे रचणारा कलावंत म्हणून नाव कमावले. गवंड्याच्या हाताऐवजी चित्रकाराचा हात आणि भूमितीज्ञाचे डोके, अशी ही जोड होती आणि झेलेना होरा पाहताना ती पदोपदी जाणवते.

सान्तिनीच्या काळात जी शैली प्रचलित होती तिला बरोक म्हणतात. हा शब्द ओबडधोबड मोत्याच्या पोर्तुगीज नावावरून आला असे सामान्यतः मानले जाते. सतराव्या शतकात आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅथलिक युरोपभर ही शैली पसरली आणि पोर्तुगिजांबरोबर ती गोव्यातही आली. जुन्या गोव्याच्या चर्चमधील सोनेरी, पिळदार खांबांच्या वेद्या पाहिलेल्या वाचकाला तिची चव परिचित आहे. सरळ भिंतीऐवजी आतबाहेर वळणारी भिंत, चौकोन आणि वर्तुळाऐवजी लंबगोल, सगळीकडे सारखा पडणाऱ्या उजेडाऐवजी दडलेल्या खिडकीतून नेमक्या जागी येणारा उजेड, आणि या सगळ्यातून पाहणाऱ्याच्या मनाला हलवण्याचा प्रयत्न, ही बरोकची ओळख. अनेक बरोक चर्चमध्ये हा परिणाम सजावटीच्या बळावर साधलेला असतो. झेलेना होरा येथे सजावट तुलनेने थोडी आहे आणि परिणाम जवळजवळ पूर्णपणे आकारातून साधलेला आहे. या चर्चचे माझ्या मते खरे मोठेपण यात आहे.

हा आकार शब्दांत सांगण्यापेक्षा काढून पाहिलेला बरा. मुलांच्या कंपासपेटीतील कर्कटक, कोनमापक आणि पट्टी घ्यावी आणि कागदावर एक वर्तुळ काढावे. वर्तुळाचे ३६० अंश असतात, त्यांचे पाच समान भाग केले तर प्रत्येक भाग ७२ अंशांचा होतो. वर्तुळमध्यातून ७२-७२ अंशांवर पाच रेषा बाहेर काढाव्यात. मग प्रत्येक दोन रेषांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ३६ अंशांवर, आणखी पाच रेषा काढाव्यात. एकूण दहा रेषा झाल्या. आता पहिल्या पाच रेषांवर वर्तुळाला लागून एकेक लंबगोल काढावा आणि दुसऱ्या पाच रेषांवर बाहेर टोक असलेला एकेक त्रिकोण काढावा. मधले वर्तुळ म्हणजे चर्चचे मुख्य सभागृह, पाच लंबगोल म्हणजे मोठी दालने आणि पाच त्रिकोण म्हणजे लहान दालने. बाहेरून पेन्सिल फिरवली की त्रिकोणांची टोके ताऱ्याच्या टोकांसारखी बाहेर येतात आणि त्यांच्यामधून लंबगोलांच्या फुगीर भिंती डोकावतात. संताच्या मस्तकाभोवतीचा तारा असा जमिनीवर उतरला आहे.

पाच हा आकडा स्थापत्यकाराला सोपा नाही. कर्कटकात वर्तुळाच्या त्रिज्येएवढे अंतर धरून परिघावर खुणा करत गेले, तर बरोबर सहा खुणा होतात, त्यामुळे षट्कोनी किंवा सहा टोकांची रचना जणू आपोआप हाती येते. बोरोमिनीने रोममध्ये सतराव्या शतकात बांधलेल्या सेंट इवो चर्चचा आराखडा असाच दोन त्रिकोणांतून निर्माण होणाऱ्या सहा टोकांच्या ताऱ्यावर आधारलेला आहे, आणि सान्तिनीवर त्याचा प्रभाव होता असे मानतात. पाच समान भाग करायचे तर भूमितीची अधिक गुंतागुंतीची कृती लागते. पण खरी अडचण पुढे आहे. सहा टोकांच्या इमारतीत एका दालनाच्या समोर तसेच दालन येते, दरवाजासमोर वेदी सरळ बसते आणि डाव्या-उजव्या बाजू जुळतात. पाचच्या रचनेत १८० अंश म्हणजे ३६ अंशांचे पाच भाग, आणि पाच ही विषम संख्या. त्यामुळे लंबगोल दालनाच्या नेमके समोर नेहमी त्रिकोणी दालन येते. कागदावर काढलेल्या आकृतीवर बोट ठेवून पाहिले की हे लगेच पटते. परिणाम असा, की चर्चच्या मध्यभागी उभा असलेला माणूस कोणत्याही दिशेला वळला, तरी त्याच्या पुढचे आणि पाठीमागचे दृश्य कधीच सारखे नसते. जागा स्थिर आहे, पण ती फिरते आहे असे वाटत राहते. बरोक स्थापत्यकार ज्या गतीच्या आभासासाठी भिंती वळवत, ती गती येथे एका विषम संख्येतून निर्माण झाली आहे.

अशा सर्व बाजूंनी सारख्या जागेत एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. पूजा एका दिशेला तोंड करून व्हायची असते, मग पाच समान दालनांपैकी मुख्य कोणते हे भाविकाला कसे कळावे? सान्तिनीचा उपाय अतिशय साधा आहे. पाच लंबगोल दालनांपैकी चार दालनांत त्याने मध्यावर आडवा मजला टाकला, त्यामुळे ती खालच्या आणि वरच्या अशा दोन भागांत विभागली गेली. पाचवे, पूर्वेकडचे दालन मात्र त्याने अखंड वरपर्यंत मोकळे ठेवले आणि त्यात मुख्य वेदी उभी केली. चार ठिकाणी नजर मजल्याला अडते आणि एकाच ठिकाणी ती विनाअडथळा वर चढते. फलक नको की बाण नको, नजर आपोआप तिकडे जाते.

मधले सभागृह रुंदीच्या मानाने बरेच उंच आहे, आणि आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती या उंचीचीच. सभागृह भोवतालच्या दालनांकडे कमानींतून उघडते. या दालनांना छेदत एक अरुंद वाट सभागृहाभोवती फिरते आणि वरच्या पातळीवर कठड्यांच्या सज्जांची ओळ आहे. उजेडाची योजना अशी केली आहे, की खालचा भाग काहीसा मंद राहतो आणि वरचा भाग उजळून निघतो. मंद उजेडात उभा राहणारा भाविक प्रकाशाकडे पाहण्यासाठी मान वर करतो आणि मान वर केली की त्याला जीभ दिसते. लेखाच्या सुरुवातीला ज्या जागी आपण उभे होतो तेथे माणसाला आणून उभे करण्यासाठी सगळ्या इमारतीची अशी तजवीज केलेली आहे. खिडक्यांतही हाच विषय फिरून येतो. काही खिडक्या उंच, अरुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या आहेत, त्यांच्यातही जिभेचा आकार ओळखला जातो, तर काही वक्र बाजूंच्या त्रिकोणाकार आहेत.

निमुळत्या खिडक्या पाहून युरोपीय स्थापत्याची थोडी माहिती असलेला वाचक बुचकळ्यात पडेल, कारण टोकदार कमान ही बरोकची नव्हे, तर गॉथिक शैलीची खूण आहे. गॉथिक शैली बाराव्या ते पंधराव्या शतकांतली, म्हणजे सान्तिनीच्या काळी ती कधीच मागे पडलेली होती. छताच्या पोटावरून धावणाऱ्या उठावदार रेषा, ज्यांना आपण छताच्या फासळ्या म्हणू, त्याही गॉथिकच. सान्तिनीने हे दोन्ही घटक जाणीवपूर्वक उचलले, आणि त्याच्या या मिश्र शैलीला बरोक गॉथिक असे नाव मिळाले आहे.

यातील फासळ्यांची गंमत समजून घेण्याजोगी आहे. खऱ्या गॉथिक इमारतीत दगडी फासळ्या आधी उभारतात, त्या छताचा सांगाडा बनतात, त्यांच्यामधील जागा नंतर भरतात आणि छताचे वजन त्यांच्यावाटे खांबांकडे उतरते. सान्तिनीच्या फासळ्या गिलाव्याच्या आहेत. छत विटांच्या बांधकामाच्या बळावर उभे राहते आणि फासळ्या त्याच्या पोटावर रेखाटलेल्या असतात, जणू कोणी चुन्याने चित्र काढावे. भार वाहण्याच्या कामातून मोकळ्या झाल्यामुळे या रेषा मनासारख्या वळतात, एकमेकींना छेदतात आणि ताऱ्यांच्या जाळ्या विणतात. चित्रकार म्हणून शिकलेल्या माणसाच्या हातून गॉथिक छत उतरले तर ते कसे दिसेल, याचे उत्तर या जाळ्यांत आहे.

जुनी शैली उचलण्यामागे केवळ आवड नव्हती. हुसपंथीयांच्या काळात लुटले गेलेले मठ अठराव्या शतकात पुन्हा सावरत होते आणि आपण काल-परवा आलेले नाही, आपली परंपरा त्या विध्वंसाच्याही आधीची आहे, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. नव्या इमारतीला गॉथिक मुद्रा दिली, की तुटलेला धागा पुन्हा जोडल्यासारखे होई. सान्तिनीने सेडलेत्स येथील मठाच्या चर्चचे नूतनीकरण याच पद्धतीने केले होते. नंतर क्लाद्रुबीच्या मठाचे कामही त्याच्याकडे आले. हे तेच क्लाद्रुबी, जेथील मठाधिपतीच्या निवडीवरून यानला नदीत फेकले गेले होते. संताच्या मृत्यूला कारण झालेला मठ आणि संताच्या गौरवासाठी बांधलेले चर्च या दोन्ही वास्तू एकाच स्थापत्यकाराच्या हातून आकाराला आल्या.

मुख्य वेदीची कल्पनाही सान्तिनीचीच आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला यान स्वर्गाकडे निघाला आहे, गोलावर तारे आहेत आणि देवदूत त्याला वर नेत आहेत. ताऱ्यांची संख्या पाच आणि देवदूतही पाच. उरलेल्या चार वेद्या चार शुभवर्तमानकारांच्या, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या आहेत. चार आणि एक मिळून पाच वेद्या होतात, आणि त्यातून एक धाडसी विधानही होते : ज्यांनी ख्रिस्ताचा शब्द जगाला सांगितला त्या चौघांच्या पंक्तीला, शब्द न उच्चारल्यामुळे थोर ठरलेला पाचवा येथे बसवला आहे. ही मांडणी ज्याला सुचली, त्याला बोलणे आणि मौन यांच्या नात्याचा खोलवर विचार करावासा वाटला असला पाहिजे.

चर्चभोवतीचे आवार हा या रचनेचाच भाग आहे. टेकडीच्या माथ्यावर मोकळ्या अंगणाच्या कडेने ओवऱ्यांचे एक कडे आहे. आपल्याकडे मोठ्या देवळांच्या प्राकारात यात्रेकरूंना टेकायला जशा ओवऱ्या असतात, तशाच या आहेत, आणि त्यांचा उपयोगही तसाच होता, म्हणजे दुरून चालत आलेल्या यात्रेकरूंना ऊन-पाऊस-बर्फापासून आसरा मिळावा आणि मिरवणुकीला छताखालून फेरा घालता यावा. हे कडे गोल किंवा चौकोनी नाही, ते दहा टोकांच्या आकृतीत आतबाहेर होत जाते आणि त्यात पाच दरवाजे व पाच छोटी प्रार्थनागृहे एकाआड एक गुंफलेली आहेत. मधला तारा पाचाचा आणि बाहेरचे कडे त्याच्या दुपटीचे. पाण्यात खडा टाकल्यावर मधल्या बिंदूपासून तरंग बाहेर जावेत, तसा पाचाचा आकडा घुमटाखालच्या मध्यापासून अंगणाच्या कडेपर्यंत पसरत जातो.

सान्तिनी ७ डिसेंबर १७२३ रोजी प्रागमध्ये वारला, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. यानला संतपद मिळाल्याचे त्याने पाहिले नाही. चर्च पवित्र झाले तरी आवारातील काम त्याच्या मृत्यूनंतर चालू राहिले. वेय्म्लुवा यांच्या हयातीत टेकडीवर यात्रेकरूंची वर्दळ होती आणि १६ मे हा संताचा दिवस तेथे थाटाने साजरा होई.

पुढच्या पिढीत काळ उलटला. सम्राट जोसेफ दुसरा याने बोहेमियातील अनेक मठ बंद केले आणि १७८४ साली झ्द्यारचा मठही बंद झाला. त्याच वर्षी आगीने मठाचे आणि टेकडीवरील चर्चचे मोठे नुकसान झाले. मालक नाही, छप्पर जळालेले आणि यात्रांना सरकारचा विरोध, अशा अवस्थेत या इमारतीचे दगड-विटा लोकांनी उचलून नेल्या असत्या तर नवल नव्हते. वाचली ती गावकऱ्यांच्या आग्रहामुळे. चर्च दुरुस्त करून राखायला परवानगी मिळाली, पण आवारात गावची दफनभूमी करण्याच्या अटीवर. यात्रेकरूंसाठी आखलेल्या अंगणात थडगी आली, आणि ज्यांची माणसे तेथे मातीत होती त्या घरांना चर्चची डागडुजी आपल्या घरच्या कामासारखी वाटू लागली.

विसाव्या शतकात चर्चच्या जतनाचे काम शास्त्रीय पद्धतीने झाले आणि दफनभूमी हळूहळू हलवण्यात आली. कम्युनिस्ट राजवटीनंतर चेक प्रजासत्ताकात चर्चची मालमत्ता परत देण्याचा कायदा झाला आणि त्यानुसार २०१४ साली ही वास्तू सरकारकडून पुन्हा कॅथलिक चर्चच्या ताब्यात आली. ताऱ्याची टोके आणि ओवऱ्या यांच्यामधील गवताळ अंगण आता पुष्कळसे मोकळे झाले आहे. त्यामुळे कडेच्या एखाद्या दरवाजातून आत आल्यावर त्रिकोणी टोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भिंती एका नजरेत दिसतात, आणि ओवऱ्यांच्या कडेने फेरा घालत गेले की दर ३६ अंशांवर टोक आणि फुगवटा आलटूनपालटून समोर येत राहतात.